उरलेले तीन जीबी

शनिवार, १७ जानेवारी २००९

सकाळी छोट्या लॅपटॉपने मान टाकली. काळा पडदा आणि वर एकच पांढरी ओळ, की अमुक फाइल सापडत नाही. आत शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अंक, एकशे बारा पानं, सोमवारी छापखान्यात द्यायचा. दिवाळीत घेताना दुकानदार कौतुकाने सांगत होता, "वजनाला पुस्तकाएवढा आहे मॅडम." पुस्तकाएवढा आहे, कारण त्यात सीडी घालायला जागाच ठेवलेली नाही. आणि सीडी घालता येत नाही म्हणजे तो दुरुस्तही करता येत नाही, हे त्याने सांगितलं नव्हतं.

कॉम्प्युटर मासिकाबरोबर आलेल्या डीव्हीडीत उपाय मिळाला. पेनड्राइव्हवर लिनक्स चढवायचं, म्हणजे पेनड्राइव्ह बूटेबल होतो, आणि आपलं विंडोज मेलेलं असलं तरी लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू होतो. मग आतल्या फाइली काढून घ्यायच्या. लिनक्सला जागा लागते साडेनऊशे एमबी. माझा पेनड्राइव्ह पाचशे बाराचा. खणात भाविकाचा निळा होता, चार जीबीचा.

भाविका मिरकरवाड्यातली. शिरगावच्या कॉलेजात एमएस्सी करते, भाट्याच्या खाडीतल्या कालवांवर, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांवर. तिचा प्रबंध नीट मांडून चार प्रती बांधून द्यायच्या आहेत, ३१ तारखेच्या आत. तिला विचारायला हवं होतं, पण घरातला एकुलता फोन तिच्या वडिलांकडे असतो आणि ते होडीवर. म्हणून आधी तिचं सगळं माझ्या मोठ्या कॉम्प्युटरवर कॉपी करून घेतलं. चार फोल्डर. दोन सेकंदांत झालं. मग लिनक्स चढवलं.

संध्याकाळी पाचला लॅपटॉप सुरू झाला आणि अंक जसाच्या तसा हाती आला. अकरा वर्षं हे टायपिंगचं आणि बांधणीचं दुकान चालवते आहे, पण आजच्याइतका अभिमान स्वतःचा कधी वाटला नव्हता.

रविवार, १८ जानेवारी

पेनड्राइव्ह परत होता तसा करायला बसले. दहा मिनिटांचं काम समजून. फॉरमॅट केला. झाला. पण आता तो चार जीबीचा नाही, साडेनऊशे एमबीचा आहे. पुन्हा केला. साडेनऊशे. उरलेले तीन जीबी गेले कुठे? डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहिलं तर ते तीन जीबी दिसतात, बाजूला काळ्या पट्टीत, पण हात लावू देत नाहीत. "डिलीट" हा शब्द करड्या रंगात, दाबलाच जात नाही. घरात खोली आहे, खिडकीतून दिसते, आणि दारच नाही, असला प्रकार.

मासिकात पेनड्राइव्ह बूटेबल कसा करायचा यावर दोन पानं आहेत. परत साधा कसा करायचा यावर एक ओळ नाही.

सोमवार, १९ जानेवारी



भाविकाचं काम सुरू करावं म्हणून कॉपी केलेले चार फोल्डर उघडायला गेले. एकही नाही. अँटिव्हायरसने शनिवारीच काढून टाकलेत आणि तसं नोंदवूनही ठेवलंय. ते फोल्डर नव्हतेच. व्हायरसने खरे फोल्डर लपवले होते आणि त्याच नावाची, फोल्डरचंच चित्र लावलेली सोंगं पुढे बसवली होती. मी सोंगांची कॉपी केली आणि खऱ्यांवर लिनक्स ओतलं.

दोन सेकंदांत एवढा प्रबंध आणि दीड हजार फोटो कॉपी कसे होतील, हे माझ्यासारखीला कळू नये?

दुपारी नेमकी भाविका आली. "ताई, चालू आहे ना काम?" म्हटलं, "हो, चालू आहे." ती म्हणाली, "आभाराचं पान शेवटी देते, अजून जमत नाहीये." आणि हसून गेली.

बुधवार, २१ जानेवारी

मावसभाऊ वेद लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुझ्या जुन्या विंडोज एक्सपीतून नाही होणार ते. माझ्या लॅपटॉपवर व्हिस्टा आहे, रविवारी येतो. दोन मिनिटांचं काम. आत काही होतं का?"

"नाही," म्हटलं. "रिकामाच होता."

का म्हणाले तसं? मावसभावाशी खोटं बोलण्याचं काय कारण? तोंडातून निघालं खरं.

आज पुन्हा तीन तास त्या निळ्या तुकड्याशी झटापट. तीन वेगवेगळी सॉफ्टवेअरं. एकाने तो ओळखलाच नाही. दुसऱ्याने "लिहिण्यास मनाई" म्हटलं. तिसऱ्याने शंभर टक्के दाखवलं, मी टाळी वाजवणार तोच पुन्हा साडेनऊशे. भिंतीवर फेकून मारावासा वाटला. दोन लग्नपत्रिकांमध्ये मुलीकडचे मुलाकडे छापून ठेवले, ते वेगळंच.

शुक्रवार, २३ जानेवारी

हौसाताई, भाविकाची आई, दुकानात आली. डोक्यावरची पाटी पायरीवर ठेवली आणि आतून केळीच्या पानात बांधलेली कालवं काढून माझ्या टेबलावर ठेवली. सोललेली, स्वच्छ केलेली.

"पोरीचं बुक करताय ना, म्हणून आणली गो बाय."

"कशाला हौसाताई?"

"कशाला काय? दोन वर्सं झाली, ओहोटी लागली की निघते. मी म्हणते, आमची जिंदगी कालवं फोडण्यात गेली, तू मोजत काय बसतेस? तर म्हणते, आये, खाडीतली कालवं लहान लहान होत चाललीत, हे कोणीतरी लिहून ठेवायला नको? मी म्हटलं, हे तर मलाही ठाऊक हाय. तर म्हणते, तुला ठाऊक हाय, पण लिहिलेलं नाय."

मग माझ्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून विचारलं, "यात हाय काय ते?"

मी मान हलवली. होकाराची.

कालवं शेजारच्या मथुरावहिनींना देऊन टाकली. घशाखाली उतरली नसती.

शनिवार, २४ जानेवारी

शांतपणे विचार केला. पेनड्राइव्ह खराब होतात. रोज कोणाचा ना कोणाचा होतो. माझ्याकडे नसता झाला तर कॉलेजात झाला असता. व्हायरस माझ्याकडचा नाही, तिच्याचकडून आला. लपलेले फोल्डर मी कसे ओळखायचे? शिवाय तिने दुसरी प्रत ठेवायला हवी होती. तिच्याकडे कॉम्प्युटर नाही हे खरं, कॉलेजातली मशिनं दर महिन्याला पुसतात हेही खरं, पण एखादी सीडी?

तर असं: वेदकडून ड्राइव्ह पूर्ण चार जीबीचा, कोरा करून घ्यायचा आणि तिला सांगायचं की लावला तेव्हा उघडलाच नाही, फॉरमॅट मागत होता. साडेनऊशेचा परत दिला तर कॉलेजात कोणीही ओळखेल की याच्यावर काहीतरी चढवलं होतं. चार जीबीचा दिला तर प्रश्न नाही.

वर लिहिलेलं वाचलं. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

रविवार, २५ जानेवारी

वेद आला. खरंच दोन मिनिटं लागली! काळ्या खिडकीत त्याने टाइप केलं, आधी डिस्कची यादी, मग निवड. "इथे नीट बघायचं ताई, शून्य नंबर निवडला तर माझाच लॅपटॉप साफ होईल." मग एक शब्द: क्लीन. झालं. ती काळी पट्टी, तो करडा डिलीट, सगळं एका शब्दात गेलं. आठ दिवस माझं रक्त आटवलं त्याने.

मदतीच्या यादीत मला "क्लीन ऑल" दिसलं. विचारलं, "हे काय?"

"नुसतं क्लीन म्हणजे दारावरची पाटी काढणं. सामान आत तसंच असतं, फक्त कोणाचं ते कळत नाही. ऑल म्हणजे सामानासकट धुऊन टाकणं. मग काही परत येत नाही."

"मग ऑलच कर. स्वच्छ होऊ दे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "रिकामाच होता ना? मग कशाला?" आणि फॉरमॅटसुद्धा त्याने झटपटवालाच केला. मी म्हटलं पूर्ण कर, तर म्हणे वेळ लागतो. हल्ली मुलांना कामात चोखपणा म्हणून नको. जाताना म्हणाला, "ताई, दोन-चार दिवस या ड्राइव्हवर काही ठेवू नको. बसू दे." बसू दे म्हणजे काय? लोणचं आहे का मुरायला? वर माझ्या मोठ्या कॉम्प्युटरवर न विचारता कसलंसं सॉफ्टवेअर टाकून गेलाय, "रिकव्हरी" नावाचं. "कधीतरी उपयोगी पडेल," म्हणे. आधीच ते मशीन रडतंय.

असो. ड्राइव्ह चार जीबीचा झाला. आनंद व्हायला हवा होता.

मंगळवार, २७ जानेवारी

काल प्रजासत्ताक दिन, सुट्टी. आज सांगितलं.

पाठ केलेलं सगळं म्हटलं: लावला, उघडला नाही, फॉरमॅट मागत होता, खूप प्रयत्न केले, शेवटी फॉरमॅट केला. ती ओरडेल, रडेल, मी हुज्जत घालेन, अशी तयारी केली होती. ती स्टुलावर बसली.  मग म्हणाली, "माझंच चुकलं ताई. कॉलेजात बस चुकेल म्हणून मी तो तसाच ओढून काढायची. सर दहा वेळा ओरडले होते."



"पहिल्या वर्षाच्या वह्या आहेत माझ्याकडे. दुसऱ्या वर्षी सरांनी कॅमेरा दिला, तेव्हापासून कालव आणि शेजारी पट्टी असा फोटो काढून त्यावरूनच मापं घेतली. त्याची वही नाही." स्वतःशीच बोलत होती. "जेवढं होईल तेवढं पुन्हा लिहिते. उद्यापासून लॅबमध्ये बसते." ड्राइव्ह उचलला. "हा आता चालेल ना?"

"चालेल," म्हटलं.

"थँक्यू ताई. एवढी खटपट केलीत."

बुधवार, २८ जानेवारी

सकाळी शटर उघडून कॉम्प्युटर लावला. वेदचं ते सॉफ्टवेअर काढून टाकावं म्हणून चिन्हावर गेले. काढण्याआधी उघडून पाहिलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: फॉरमॅट झालेल्या ड्राइव्हवरील फाइली परत मिळवा, ड्राइव्हवर नवीन काहीही लिहू नका.

लगेच वेदला फोन. "तुला कळलं होतं?"

"ताई, रिकाम्या ड्राइव्हसाठी कोणी आठ दिवस जीव काढतं का?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू नाही म्हणालीस ना. मी काय, खोटारडी म्हणू तुला?" मग आवाज खाली आणून, "लिनक्सने पहिले साडेनऊशे एमबी खाल्लेत, ते गेले. त्याच्या पुढचं सगळं अजून आत असणार. कुठाय ड्राइव्ह?"

ड्राइव्ह कॉलेजात होता आणि ती त्यावर लिहायला बसणार होती.

शटर अर्धं ओढून रिक्षा पकडली. शिरगावपर्यंतचा रस्ता एवढा लांब कधी वाटला नव्हता. लॅबमध्ये दहा-बारा मुलं आणि तिचे सर. भाविका खिडकीजवळ, समोर स्क्रीनवर "प्रकरण पहिलं" आणि खाली दीड पान मजकूर. पेनड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकत होता. मी सरळ जाऊन म्हटलं, "लिहू नको. काहीही सेव्ह करू नको."

सगळे वळून बघायला लागले. बाहेर बोलावून सांगता आलं असतं. पण बाहेर गेले असते तर पुन्हा पाठ केलेलंच काहीतरी तोंडून निघालं असतं, ही भीती वाटली. म्हणून तिथेच, उभ्या उभ्या सांगितलं. लॅपटॉप, लिनक्स, सोंगं, साडेनऊशे, क्लीन, फॉरमॅट. आणि तुझा ड्राइव्ह खराब झाला नव्हता, मी तुला काल खोटं सांगितलं.

सरांनी तोंड उघडलं, पण भाविकाने हात वर केला. सरांसमोर हात वर केला तिने! म्हणाली, "काल घरी गेल्यावर आईने विचारलं, असं कसं झालं. मी तिला सांगितलं, माझ्या निष्काळजीपणाने. आईसमोर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली मी, ताई. आणि तुम्हांला थँक्यू म्हणून आले होते."

ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला. मी उचलला.

गुरुवार, २९ जानेवारी

सॉफ्टवेअर काल चार तास चाललं. आकडा हलेना तेव्हा वाटायचं बंद पडलं, मग एकदम वीस-पंचवीस फाइली. आधीचे फोटो सगळे गेले. दीड हजारांतले सहाशे अकरा आले. नावं नाहीत, नुसते आकडे. प्रबंधाचा जुना मसुदा आला, चौथं प्रकरण मधूनच तुटलेलं. मापांचा तक्ता आला, पण उघडला तर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. तीनदा उघडला, दोन मशिनांवर. चौकोनच. टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की मथुरावहिनी डोकावल्या.

सगळ्याची सीडी करून कॉलेजात नेऊन दिली. भाविकाने घेतली. "बरं," एवढंच म्हणाली.

शुक्रवार, ३० जानेवारी

मुदत उद्या संपते. वाढवून हवी तर कारण लेखी द्यायला हवं. भाविकाने अर्ज केला होता, "पेनड्राइव्हमधील बिघाडामुळे". सरांनी तो माझ्याकडेच पाठवला, टाइप करायला. मुद्दाम पाठवला असेल.

मी तो बाजूला ठेवला आणि दुकानाच्या लेटरहेडवर माझं पत्र केलं. पेनड्राइव्ह माझ्या ताब्यात असताना, मालकिणीला न विचारता केलेल्या वापरामुळे ही माहिती नष्ट झाली. मी ती गोष्ट आठ दिवस लपवली व नंतर खोटं कारण सांगितलं, त्यामुळे विद्यार्थिनीचे मोलाचे दिवस वाया गेले. तिचा काही दोष नाही. खाली सही, शिक्का.

भाविका न्यायला आली. उभ्यानेच वाचलं.

"लपवली, खोटं सांगितलं, हे काढा. एवढं कोणी विचारलेलं नाही. कॉलेजची सगळी कामं तुमच्याकडे येतात, ती बंद होतील."

"राहू दे."

"माझ्यावर उपकार म्हणून करू नका."

"तुझ्यावर नाही करत," म्हटलं. खरंच नव्हते करत. आठ दिवस त्या ड्राइव्हमधून काही पुसलं जावं म्हणून धडपडले. एवढं एक वाक्य तरी पुसायचं नव्हतं.

तिने पत्राची घडी केली. दारात थांबली. "सहाशे अकरा फोटो पुन्हा मोजायचे आहेत. एकटीने होणार नाही. लॅब पाचला बंद होते."

"इथे ये," म्हटलं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

२५ तारखेपर्यंत मुदत मिळाली. आज दोन मुलगे आपापले प्रबंध परत घेऊन गेले. "सरांनी दुसरीकडे द्यायला सांगितलंय मॅडम." एकाने नजर चुकवली, दुसऱ्याने तेवढंही केलं नाही. 

मंगळवार, १० फेब्रुवारी

रोज पाच ते आठ. ती फोटोतल्या पट्टीवरून लांबी-रुंदी वाचते, मी तक्त्यात भरते. सुरुवातीला "बासष्ट, एक्केचाळीस" याखेरीज शब्द नाही. आज माझ्याकडून दोनदा चुकलं, दोन्ही वेळा तिने न बोलता मागचा फोटो पुन्हा उघडला. दर वीस ओळींनंतर तक्ता तीन ठिकाणी ठेवते मी. तिसऱ्या वेळी ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "आता बस झालं." रागाने की कसं, कळलं नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

हौसाताई आली. आज पाटी खाली ठेवली नाही, कालवंही नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणाली, "पोर काय चुकत नसते माझी. मी तिला तवा बोलले ते तुमच्यामुळं बोलले. ते मला परत घेता नाय येत." मी उठून उभी राहिले.  ती लेकीकडे बघून म्हणाली, "आठला घरी ये," आणि गेली.

भाविका पुढचा फोटो उघडून म्हणाली, "अठ्ठावन्न, सदतीस."

शनिवार, २१ फेब्रुवारी

सहाशे अकरावा फोटो झाला. सरासरी काढली. पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षीची कालवं चार मिलिमीटरने लहान. भाविकाने आकडा दोनदा तपासला. चौकोनांत हरवलेल्या तक्त्यातही चारच आला होता, म्हणाली. मग टेबलावर डोकं ठेवून पाच मिनिटं बसली. मी चहा सांगितला. तिने घेतला.

बुधवार, २५ फेब्रुवारी

चार प्रती, काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. सकाळी अकराला तिने कॉलेजात दिल्या आणि पाचवी, घरची, न्यायला दुकानात आली. पैसे द्यायला लागली, मी हात मागे घेतला तर म्हणाली, "बांधणीचे तरी घ्या, नाहीतर मला पुन्हा इथे येता येणार नाही." घेतले.

तिने मला माफ केलं का, मी विचारलं नाही, तीही बोलली नाही. कॉलेजचं काम अजून एकही आलेलं नाही. येईलसं वाटत नाही. शाळेच्या प्रश्नपत्रिकांवर मार्च निघेल, पुढचं पुढे.

ती प्रत पोटाशी धरून पायरी उतरली आणि परत वर आली.

"नीरजाताई, तुम्ही कालव दगडावर चिकटलेलं बघितलंय कधी?"

विचार केला. सहाशे अकरा मोजली, जन्मभर खाल्ली, पण दगडावर? "नाही गं."

"परवा, शुक्रवारी, सकाळी सातच्या सुमारास पुरती ओहोटी आहे. भाट्याच्या पुलाखाली या. पायात जुन्या चपला घाला, कडा कापतात." आणि क्षणभर थांबून, "आई पण असेल. बोलेलच असं नाही."

"येते," म्हटलं.

शुक्रवारी दुकान दहाला उघडेन. दारावर तशी चिठ्ठी आत्ताच लावली.